ड्रॉपडाउन निवडला, पण पानाला पत्ताच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथन आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) वापरून एक वेब फॉर्म रोज भरायचा आहे. त्यात पाच ड्रॉपडाउन आहेत. पहिले दोन सेलेनियमच्या सिलेक्ट क्लासने मुकाट निवडले जातात. तिसऱ्याला हात लावला की 'एलिमेंट (पानावरचा घटक) सिलेक्ट असायला हवा होता, पण डिव्ह निघाला' अशा अर्थाची एरर येते. चौथा देशाचा, पाचवा राज्याचा. देश निवडला की राज्यांची यादी सर्व्हरवरून येते, आणि तिथे स्क्रिप्ट कधी चालते, कधी आपटते. सध्या प्रत्येक पायरीनंतर पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसता थांबा, टाकून गाडी ढकलली जातेय.

ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि सगळ्यांवर स्लीपचं एकच औषध चाललंय. मी अशा स्क्रिप्ट लिहिण्यात, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांच्या दुरुस्त करण्यात, बरीच वर्षं घालवली आहेत. त्यात पर्याय निवडण्याची ओळ अवघड आहे असं फार क्वचित दिसलं. समोरची वस्तू नेमकी काय आहे हे न बघताच कोड लिहिलेला असतो, आणि निवडल्यावर पानाने ती निवड ऐकली का हे कोणी तपासलेलं नसतं. घोळ तिथे होतो.

आधी वस्तू ओळखा. ड्रॉपडाउनवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा आणि टॅगचं नाव वाचा. सिलेक्ट टॅग आणि त्याच्या पोटात ऑप्शन टॅग असतील, तर तो ब्राउझरचा स्वतःचा ड्रॉपडाउन. डिव्ह, बटन किंवा इनपुट असेल, तर ते जावास्क्रिप्टने उभं केलेलं सोंग. दिसण्यावर जाऊ नका. पूर्वी देखणा ड्रॉपडाउन म्हणजे हमखास डिव्ह असा ठोकताळा चालायचा. २०२५ मध्ये आलेल्या क्रोमच्या १३५व्या आवृत्तीपासून खऱ्या सिलेक्टलाही सीएसएसने (पान सजवण्याच्या भाषेने) हवं तसं नटवता येतं, त्यामुळे तो ठोकताळा आता मोडीत काढा.

साध्या सिलेक्टची उघडलेली यादी पानाच्या आत नसते. ती ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या खिडकीत रंगवते. म्हणूनच स्क्रीनशॉट काढला तर त्यात यादी दिसत नाही, आणि नवखा माणूस 'उघडतच नाहीये' म्हणून तासभर डोकं धरून बसतो. ती उघडायची गरजच नाही. सिलेक्ट क्लासच्या हाती एलिमेंट द्या आणि थेट पर्याय मागा.

मागायच्या तीन रीती आहेत: दिसणारा मजकूर, व्हॅल्यू (ऑप्शन टॅगमध्ये लिहिलेली आतली किंमत) आणि क्रमांक. क्रमांकाच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. एका ठिकाणी माझीच स्क्रिप्ट नोंदीचा प्रकार क्रमांकाने निवडत होती. तिकडे कोणीतरी यादीच्या डोक्यावर एक नवा पर्याय टाकला. एरर नाही, इशारा नाही, लॉग रोज हिरवागार, आणि सगळ्या नोंदी शेजारच्या प्रकारात जाऊन पडत होत्या. कळलं तेव्हा दीड आठवडा उलटला होता. पडणारी स्क्रिप्ट परवडते, चुकीचं काम बिनबोभाट करणारी नाही.

मजकूर की व्हॅल्यू, याला एकच उत्तर नाही. मजकूर माणसासाठी असतो. पानाची भाषा बदलली, कोणी स्पेलिंग सुधारलं, कंसात काही जोडलं, की तो बदलतो. व्हॅल्यू प्रोग्रॅमसाठी असते आणि सहसा टिकते, म्हणून माझा पहिला कल तिच्याकडे. पण आधी एकदा डोळ्यांखालून घाला. देशाचा दोन अक्षरी कोड असेल तर सोनंच. '४७१८' असा काही आकडा असेल तर तो डेटाबेसमधला आयडी असण्याची शक्यता जास्त, आणि चाचणीच्या सर्व्हरवर एक, खऱ्या सर्व्हरवर दुसरा असा तो निघू शकतो. अँग्युलर या फ्रेमवर्कच्या (पानं उभारायच्या तयार सांगाड्याच्या) पानांवर '३: ऑब्जेक्ट' असली व्हॅल्यू दिसेल. त्यातला आकडा फ्रेमवर्कने ओळीने वाटलेला असतो, म्हणजे मुखवटा घातलेला क्रमांकच. तिथे मजकूरच घ्या.

मजकुराने निवडताना देवनागरीतली एक खास खोड सांगायलाच हवी, कारण तिने मला एकदा अख्खी दुपार नाचवलं. यादीत 'कर्मचाऱ्यांसाठी' असा पर्याय डोळ्यांना स्वच्छ दिसत होता, कोडमध्येही तोच शब्द, तरी असा पर्यायच नाही म्हणून एरर. हा आडवा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडचिन्ह-कॅरेक्टर. दोन्ही पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत. अदलाबदल आपल्यालाच हाताने करावी लागते. तुमच्या यादीत मराठी किंवा हिंदी पर्याय असतील तर मजकूर टाइप करू नका, पानावरून उचलून चिकटवा.

याचाच चुलतभाऊ म्हणजे न तुटणारी स्पेस. ऑप्शनच्या मजकुरात कोणी ती घातली असेल आणि तुम्ही स्वतः एक्सपाथ (पानातला घटक शोधायची भाषा) लिहून, जास्तीच्या स्पेस गाळणाऱ्या नॉर्मलाइझ-स्पेसने शोधत असाल, तर सापडणार नाही, कारण एक्सपाथच्या हिशेबी ती स्पेस नव्हेच. असा संशय आला की प्रत्येक ऑप्शनचा टेक्स्टकंटेंट अ‍ॅट्रिब्यूट काढून न दिसणारी अक्षरंही उघडी करणाऱ्या पायथनच्या रेप्र फंक्शनमधून छापा. नुसत्या डॉट टेक्स्टवर भागवू नका. सेलेनियम तो मजकूर साफसूफ करून देतं, आणि लपवलेल्या एलिमेंटचा तर रिकामाच देतं.

सिलेक्टचा शेवटचा सापळा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा देशाच्या यादीत तुमचा देश आधीच निवडलेला आहे आणि तुम्ही तोच पुन्हा निवडलात. सिलेक्ट क्लास बघतो, पर्याय निवडलेलाच आहे, आणि क्लिकच करत नाही. क्लिक केलं असतं तरी उपयोग नव्हता. वेबड्रायव्हर म्हणजे ब्राउझर बाहेरून चालवण्याचे नियम; त्यांना वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने २०१८ मध्ये मानकाचा दर्जा दिला, त्यात ऑप्शनवरच्या क्लिकचे वेगळे नियम आहेत, आणि एकल निवडीत पर्याय आधीच निवडलेला असेल तर चेंज इव्हेंट, म्हणजे 'निवड बदलली' हा पानाला मिळणारा इशारा, उडत नाही. राज्यांची यादी मागवणारा कोड बसलेला असतो त्या चेंजची वाट पाहत. देश बरोबर दिसतोय, राज्यांची यादी रिकामी, आणि तुम्ही सर्व्हरला शिव्या घालताय! तुमच्या 'कधी चालते, कधी आपटते' मागे हेही एक कारण असू शकतं: फॉर्म मागची निवड लक्षात ठेवत असेल तर पहिल्या दिवशी चालेल, दुसऱ्या दिवशी नाही. उपाय साधा. आधी दुसरा कोणताही देश निवडा, मग हवा तो.

आता तिसरा, डिव्हवाला. त्याला सिलेक्ट क्लास देऊन उपयोग नाही, त्या एररने खरंच सांगितलंय. इथे माणूस जे करतो तेच करावं लागतं: उघडा, पर्याय येईपर्यंत थांबा, पर्यायावर क्लिक करा. तिन्ही पायऱ्यांत खड्डे आहेत.

उघडताना साधा सेलेनियमचा क्लिक वापरा. वर एखादा बॅनर आडवा आला की 'क्लिक अडवला गेला' अशी एरर येते आणि लोक लगेच जावास्क्रिप्टचा क्लिक मारून मोकळे होतात. गंमत अशी की रिअ‍ॅक्ट-सिलेक्टसारख्या काही लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) मेनू उघडतात माउसचं बटण दाबलं जाण्याच्या क्षणी, म्हणजे माउसडाउनवर. सेलेनियमचा क्लिक माउस दाबतो, सोडतो, मग क्लिक होतो. सगळी साखळी घडते. जावास्क्रिप्टचा क्लिक फक्त शेवटची कडी उडवतो. एरर येत नाही आणि मेनूही उघडत नाही. त्यापेक्षा तो बॅनर बंद करा, किंवा एलिमेंट स्क्रोल करून मोकळ्या जागेत आणा.

उघडलेला मेनू कुठे आहे हे शोधताना दुसरी फसगत होते. साहजिकच आपण ड्रॉपडाउनच्या डिव्हच्या आत शोधतो. पण कित्येक लायब्रऱ्या मेनू बॉडी टॅगच्या अगदी शेवटी नेऊन टांगतात, म्हणजे आजूबाजूच्या चौकटीत तो कापला जात नाही. तेव्हा अख्ख्या पानात शोधा, आणि क्लासच्या नावांऐवजी रोलवरून, म्हणजे घटकाचं काम सांगणाऱ्या खुणेवरून, शोधा. बऱ्यापैकी लिहिलेल्या ड्रॉपडाउनला रोल कॉम्बोबॉक्स असतो, यादीला लिस्टबॉक्स, पर्यायांना ऑप्शन. उघडा आहे की बंद ते एरिया-एक्स्पांडेडमध्ये कळतं, आणि एरिया-कंट्रोल्समध्ये बहुधा त्याच्या यादीचा आयडी असतो. ही खुणांची व्यवस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी आहे, पण ऑटोमेशनवाल्यांनाही ती फुकटात मिळते. सीएसएस-क्लासची नावं मात्र 'सीएसएस-१एक्स७क्यू' अशी यंत्राने घडवलेली असतात, पुढच्या रिलीजला दुसरीच होतात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

मेनूचं एचटीएमएल बघायला इन्स्पेक्ट उघडलं की फोकस जातो आणि मेनू मिटतो, हा अनुभव तुम्हाला येणारच. कन्सोलमध्ये तीन सेकंदांनी डीबगर चालेल असा सेटटाइमआउट टाका, तेवढ्या वेळात मेनू उघडा. पान जागच्या जागी गोठतं, मग निवांत बघा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग पॅनेलात पान फोकसमध्येच आहे असं भासवण्याची सोयही आहे, पण माझी सवय डीबगरची.

यादी शेकड्यांत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. काही लायब्रऱ्या पडद्यावर मावतील तेवढेच दहा-वीस पर्याय डॉममध्ये (ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेत) ठेवतात आणि स्क्रोल करू तसे तेच पुन्हा वापरतात. तुमचा दोनशेवा पर्याय तिथे नसतोच, मग कितीही थांबा. अशा ड्रॉपडाउनला शोधायची चौकट असेल तर त्यात नाव टाइप करा, यादी गाळली जाऊन तो पर्याय दिसेपर्यंत थांबा, आणि त्यावर क्लिक करा. टाइप केल्या केल्या एंटर मारू नका. यादी यायच्या आत एंटर पोहोचला तर कधी भलताच पर्याय लागतो, कधी अर्धवट फॉर्मच सबमिट होतो.

काही पानांवर सोंगामागे खरा सिलेक्ट लपवलेला असतो. जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या जमान्यातला सिलेक्ट-टू असंच करतो. मग मोह होतो, की जावास्क्रिप्टने त्या लपलेल्या सिलेक्टची व्हॅल्यू बदलावी आणि मोकळं व्हावं. व्हॅल्यू बदलते, पण जावास्क्रिप्टने बदलल्यावर चेंज इव्हेंट आपोआप उडत नाही, त्यामुळे पानाला पत्ता लागत नाही. इव्हेंट स्वतः उडवावा लागतो, आणि तो बबल होणारा, म्हणजे घटकाकडून वर चढत जाणारा, हवा, कारण रिअ‍ॅक्टसारख्या फ्रेमवर्कचे कान त्या सिलेक्टवर नसतात, वर मुळाशी असतात. स्क्रिप्ट फक्त माहिती भरण्यासाठी असेल तर मी कधीमधी ही आडवाट घेतो. पान नीट चालतं का हे तपासणारी चाचणी असेल तर मुळीच नाही. वापरणारा माणूस कन्सोल उघडून व्हॅल्यू बदलत नसतो.

आता देश आणि राज्य. तुमचं खरं दुखणं इथे आहे. पाच सेकंदांचा स्लीप दोन्हीकडून वाईट. यादी अर्ध्या सेकंदात आली तर साडेचार सेकंद वाया, आणि सहा सेकंद लागले तर स्क्रिप्ट पडली. त्याऐवजी अट घालून थांबायचं, म्हणजे वेबड्रायव्हरवेट. पायथनमध्ये तो दर अर्ध्या सेकंदाला अट तपासतो आणि खरी झाली की लगेच पुढे जातो. वीस सेकंदांची मुदत दिली म्हणजे वीस सेकंद लागतात असं नव्हे.

पण अट कोणती? इथेच बहुतेकांचं चुकतं. सर्रास लिहिली जाणारी अट असते, 'राज्याच्या यादीत एकाहून जास्त पर्याय आले का'. पान कोरं असेल तर चालते. आता समजा आधी 'अ' देश निवडलेला होता आणि तुम्ही 'ब' निवडला. नवीन यादी वाटेत आहे, आणि पानावर अजून 'अ' देशाची जुनी यादी आहे, तीस राज्यांची. अट तत्काळ खरी! स्क्रिप्ट जुन्या यादीत नवं राज्य शोधते आणि आपटते. त्याहून वाईट, दोन्ही याद्यांत 'इतर' असेल तर जुन्यातला 'इतर' निवडते. मागोमाग नवीन यादी येते, निवड पुसली जाते आणि फॉर्म रिकाम्या राज्यासह पुढे जातो. वर सांगितलेली युक्ती, आधी दुसरा देश मग हवा तो, वापरलीत तर ही परिस्थिती तुम्ही स्वतःच ओढवून घेता, तेव्हा पहिल्या निवडीची यादी पूर्ण येऊ द्या आणि मगच दुसरी करा.

म्हणून अट नेमकी हवी: मला हवं ते राज्य, त्याच नावाचा पर्याय, यादीत आला का. 'इतर'सारखा सगळीकडे असणारा पर्याय हवा असेल तर त्या देशातलं एखादं ठरलेलं राज्य साक्षीला घ्या. ते दिसलं की यादी नवी आहे, मग 'इतर' निवडा. जुना ऑप्शन धरून ठेवून तो शिळा होण्याची वाट बघणं, म्हणजे स्टेलनेस-ऑफ, हाही मार्ग सांगितला जातो. काही पानांवर छान चालतो. पण जी फ्रेमवर्क जुन्याच ऑप्शन टॅगमध्ये नवीन मजकूर भरतात, तिथे एलिमेंट कधी शिळा होतच नाही आणि तुम्ही मुदत संपेपर्यंत बसून राहता.

उलट टोकाला, जी पानं अख्खा सिलेक्टच नव्याने रंगवतात तिथे 'स्टेल एलिमेंट'ची एरर येते. तुमच्या हातात जुन्या सिलेक्टचा दाखला असतो, तो सिलेक्ट पानावरून गेलेला असतो. म्हणून वेटच्या अटीत दर वेळी एलिमेंट नव्याने शोधा. सुरुवातीला पाचही ड्रॉपडाउन शोधून व्हेरिएबलमध्ये ठेवायची सवय असेल तर ती मोडा. आणि वेबड्रायव्हरवेट मुळात फक्त 'एलिमेंट सापडला नाही' ही एरर पोटात घालतो, 'स्टेल'ची नाही. ती दुर्लक्षित एररच्या यादीत तुम्हाला स्वतः टाकावी लागते. इम्प्लिसिट वेटही (प्रत्येक शोधाला लागू होणारी सरसकट मुदत) लावला असेल तर काढून टाका. दोन्ही एकत्र केले की मुदती एकमेकींत गुंततात आणि दहा सेकंदांचा वेट किती सेकंदांनी सुटेल याचा नेम राहत नाही.

निवड झाली की परत वाचा. सिलेक्ट असेल तर पहिला निवडलेला ऑप्शन, डिव्ह असेल तर बंद झालेल्या चौकटीत दिसणारा मजकूर. आणि हे वाचन सबमिटच्या आधी पाचही ड्रॉपडाउनसाठी पुन्हा एकदा करा, कारण चौथ्याला हात लावल्यावर दुसरा कोरा होणं हा प्रकार मी पाहिलाय. जुळलं नाही तर स्क्रिप्टने थांबावं आणि बोंब मारावी.

इतर काही गोष्टी भराभर. ड्रॉपडाउन दिसतोय पण सापडतच नाही, तर तो आयफ्रेममध्ये (पानाच्या आतल्या दुसऱ्या पानात) आहे का बघा आणि आधी तिथे स्विच करा. शॅडो डॉममध्ये (घटकाच्या आत वेगळ्या ठेवलेल्या रचनेत) असेल तर सेलेनियम ४ मध्ये शॅडो रूट मागता येतो. बहुनिवडीचा सिलेक्ट असेल तर आधी डिसिलेक्ट-ऑल करा, नाहीतर जुन्या निवडी तशाच राहतात. एकल निवडीवर तेच केलंत तर एरर येईल.

साधन बदलू का, असाही प्रश्न मनात असेलच. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे असंच साधन २०२० मध्ये आलं, आणि या बाबतीत ते सेलेनियमपेक्षा सुखाचं आहे हे मान्य. त्याचं सिलेक्ट-ऑप्शन तुम्ही मागितलेला पर्याय यादीत येईपर्यंत आपणहून थांबतं, डीफॉल्ट मुदत तीस सेकंद. म्हणजे देश-राज्याचा निम्मा वेट तुम्हाला लिहावाच लागत नाही. पण जुन्या यादीतल्या 'इतर'चा सापळा तिथेही आहेच, आणि डिव्हवर सिलेक्ट-ऑप्शन चालवलंत तर तेही हा सिलेक्ट नाही म्हणून परत पाठवतं. याच जातीच्या पपेटियरचं सिलेक्ट फक्त व्हॅल्यू घेतं, मजकूर नाही. सायप्रस या चाचणीच्या साधनाची वाट बघण्याची मुदत मुळात चार सेकंद, संथ सर्व्हरवर ती वाढवावी लागते. नव्याने सुरुवात करायची असती तर मी प्लेराइट घेतलं असतं. पाच ड्रॉपडाउनसाठी चालू स्क्रिप्ट पुन्हा लिहिली नसती.

सुरुवात पाचव्यापासून करा. आज फक्त त्याच्या आधीचा स्लीप काढा, हव्या त्या राज्याच्या नावाची अट लावा, आणि मुदत संपून स्क्रिप्ट पडली तर पडण्याआधी दोन गोष्टी फाइलमध्ये उतरवू द्या: त्या क्षणी देशाच्या ड्रॉपडाउनमध्ये काय निवडलेलं होतं, आणि राज्याच्या यादीतल्या सगळ्या पर्यायांचा टेक्स्टकंटेंट, रेप्रमधून काढलेला. पुढच्या वेळी आपटली की ती फाइल उघडा. यादी रिकामी असेल तर बहुधा चेंज उडालेला नाही, दुसऱ्याच देशाची असेल तर अट ढिली आहे, आणि हवं ते राज्य यादीत दिसत असूनही सापडलं नसेल तर एकेक अक्षर ताडून बघायला बसा.